तंबोऱ्यासमोरचा लेखनिक

हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखनिकाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांतले नकलकार डोळ्यांपुढे आणावेच लागतात. कोणी अक्षर चुकवले, कोणी आपल्या बोलीचे रूप घातले, कोणी न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द बसवला. ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र आपण ही सावधगिरी सोडून देतो. वाजवणारा तिथे आणि ऐकणारे आपण इथे, मधे कोणी नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः मधे एक लेखनिक बसलेला असतोच. त्यालाही काही अक्षरे नीट दिसतात, काही दिसत नाहीत. त्याचीही एक बोली असते. त्याचे नाव मायक्रोफोन.

हा लेखनिक एकेकाळी कंपन्यांच्या आणि आकाशवाणीच्या दारात उभा असे. आज तो घरोघर आला आहे. सतार शिकणारा विद्यार्थी, पेटीवर अभंग बसवणारी गृहिणी, आजीच्या ओव्या टिपून ठेवू पाहणारा नातू, सगळ्यांनाच कधी ना कधी प्रश्न पडतो की मायक्रोफोन कोणता घ्यावा. दुकानात उत्तर तयार असते : गाण्यासाठी हा, वाद्यासाठी तो. ह्या उत्तरामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बहुतांशी आपल्या वाद्यांना डोळ्यांपुढे ठेवून घडलेला नाही. तो येथे थोडा तिरप्या वाटेने पाहावा, असा आमचा विचार आहे. कसोटीला आम्ही तंबोरा घेतला आहे, कारण यंत्रापुढे सर्वांत आधी हरवतो तो तंबोराच.

आरंभी मायक्रोफोन नव्हताच. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग ह्यांनी कलकत्त्यात गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित केले ते एका हॉटेलातल्या खोलीत, धातूच्या कर्ण्यापुढे. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेण. विजेचा संबंध कुठेच नाही. गायिकेच्या श्वासाच्या बळावरच सुई हलायची. मुद्रित झालेले मेण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. ह्या कर्ण्याला साधारणपणे १०० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा ऐकू येई आणि तोही आवाज जोरकस असेल तरच. म्हणून गाणाऱ्याला कर्ण्यात जवळजवळ तोंड घालावे लागे आणि साथीदारांनी कुठे बसायचे ते त्यांच्या वाद्याच्या जोरावर ठरे. युरोपात ह्याच अडचणीवर आणखी धीट उपाय निघाला होता. ऑगस्टस स्ट्रो ह्यांनी १८९९ मध्ये व्हायोलिनच्या लाकडी पोटाला रजा देऊन त्याच्या जागी पडदा आणि कर्णा बसवला. तेच वाद्य मुद्रणाच्या खोलीत व्हायोलिन म्हणून वाजू लागले. मोठ्या डबल बेसची जागा पितळी ट्यूबा घेई. यंत्राला वाद्य ऐकू येत नाही, तेव्हा वाद्य बदला, असा तो न्याय होता.

तंबोऱ्याला कर्णा बसवायची कल्पना सुदैवाने कोणाला सुचली नाही. तो नुसता ऐकू येईनासा झाला. त्या काळच्या तबकड्या लावून पाहाव्यात : आवाज आहे, सारंगी किंवा पेटी आहे, तबल्याची कोरडी टकटक आहे, पण ज्याच्यावर हे सगळे उभे आहे ती जमीन नाही. आम्हांला वाटते, जुन्या गायकांचा आवाज तबकडीवर ‘उघडा’ वाटतो असे जे पुष्कळदा म्हटले जाते, त्यात गायकीचा भाग कमी आणि ह्या हरवलेल्या जमिनीचा भाग अधिक आहे.

तंबोऱ्याचे एवढे काय हरवते, ते पाहण्यासाठी थोडे त्याच्या घोडीकडे वळले पाहिजे. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर कर्ण्याच्या पट्ट्याच्या बाहेरच राहिला. पण तंबोरा हा काही मूळ स्वरांचा मामला नव्हे. तार रुंद, किंचित उतरत्या घोडीवर घासत कंप पावते, तिच्याखाली दोरा सरकवून जवारी खुलवलेली असते आणि त्या घासण्यातून वरच्या स्वयंभू स्वरांची एक रांग उमलत जाते. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद येतो ते आंशिक स्वर उमटू नयेत, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, कारण त्यांची घोडी तो पाळू देत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. तात्पर्य, तंबोऱ्याचे सत्त्व वरच्या आंशिक स्वरांत आणि त्यांच्या सावकाश उलगडण्यात आहे. ‘गंधार बोलतो’ असे गवई म्हणतात तो गंधार कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. हे सर्व फार हळू आवाजात चालते. म्हणजे टिपणारा कान हवा तर तो वरपर्यंत ऐकणारा हवा, हलके ऐकणारा हवा, आणि स्वतः गप्प बसणारा हवा. मायक्रोफोनची निवड म्हणतात ती तंबोऱ्यापुरती ह्या तीन अपेक्षांत आली.

असा कान खरे तर रामन ह्यांच्या निबंधाआधीच जन्माला आला होता. ‘मायक्रोफोन’ हा शब्द त्याहून जुना. चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी १८२७ मध्ये तो एका ऐकण्याच्या नळीवजा साधनाला दिला होता. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज ह्यांनी कोळशाच्या सैल स्पर्शावर चालणारे यंत्र केले तेव्हा त्याला तो कायमचा चिकटला. ह्यूज ह्यांच्या यंत्रातून माशीची पावले ऐकू येतात ह्याचा त्या वेळी मोठा बोलबाला झाला. कोळशाचा मायक्रोफोन टेलिफोनात गेला आणि तिथेच रमला. बोलणे कळले की काम झाले, हा टेलिफोनचा हिशेब. पुढे त्याचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ असा ठरून गेला. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. १९१६ मध्ये ई. सी. वेन्ट ह्यांनी कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला : एक ताणलेला अतिपातळ पडदा, त्याच्यामागे केसभर अंतरावर एक पत्रा आणि दोहोंमध्ये विजेचा भार. पडद्याला ओढायला गुंडाळी नाही, सुई नाही, म्हणून तो बारीकसारीक हालचालीलाही जागा होतो. १९२५ पासून तबकड्या विजेने मुद्रित होऊ लागल्या आणि ऐकण्याची वरची मर्यादा सुमारे दुपटीने वाढून ५,००० हर्ट्झच्या घरात गेली.

१९३० च्या सुमारास आणखी दोन कुळे स्थिर झाली. एक डायनॅमिक; त्यात पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या खाचेत मागेपुढे होते. गडी दणकट, पण गुंडाळीचे ओझे वागवणारा. अगदी चपळ, अगदी हलक्या आवाजाला उशिरा उठणारा. दुसरे रिबन. अमेरिकेत हॅरी ओल्सन ह्यांनी आर.सी.ए. कंपनीसाठी घडवलेल्या रिबनमध्ये चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अल्युमिनियमची कागदाहून पातळ पट्टी टांगलेली असे. ती पुढून आणि मागून सारखेच ऐकते, बाजूंना मात्र बहिरी असते. वरचे स्वर ती जरा मऊ करून सांगते. सारंगीसारख्या, घासण्यातून बोलणाऱ्या वाद्याला हा मऊपणा मानवतो, असे आमचेही मत आहे. तंबोऱ्याला तो मानवत नाही. जवारीवर साय आल्यासारखी वाटते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ह्या टप्प्यावर जरा थांबले पाहिजे. विजेच्या मायक्रोफोनने आणलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हळू बोलण्याची मुभा. संगीत नाटकातला गायक नट थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी गाई. कर्ण्यालाही तोच पल्ल्याचा आवाज लागे. नव्या यंत्रापुढे कानाशी बोलल्यासारखे गाता येऊ लागले. जी. एन. जोशी ह्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता गायली आणि ती तबकडीवर आली, तिथपासून मराठी भावगीताची सुरुवात मोजण्याचा प्रघात आहे. भावगीताच्या उदयाची कारणे देताना आपण रविकिरण मंडळ, काव्यगायन, शहरी मध्यमवर्ग असे सगळे सांगतो. मायक्रोफोन सांगत नाही. आम्हांला तो त्या यादीत पुष्कळ वर असावासा वाटतो. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळत होते, म्हणजे त्यांनी हा लेखनिक दोन्ही बाजूंनी पाहिला. असो. मुद्दा वाद्यांचा आहे.

वाद्याचे घरगुती मुद्रण आपल्याकडे सुरू झाले ते स्पूलवाल्या टेपरेकॉर्डरबरोबर. मुंबई-पुण्यातल्या आणि इतरत्रच्याही रसिकांनी खासगी मैफली घरात टिपल्या, त्या बहुधा यंत्राबरोबर पेटीतून आलेल्या साध्याच मायक्रोफोनने. ह्या फितींना आज जे मोल आहे ते सांगायला नको. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, विजेचे मुद्रण येऊन वीस वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. तेव्हा मोडके का होईना, टिपून ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण ह्या फिती ऐकताना मायक्रोफोन कुठे ठेवला होता हे ओळखण्याची सवय लावून घ्यावी. सगळीकडून ऐकणारा मायक्रोफोन श्रोत्यांत ठेवला असेल तर दाद ऐकू येते, कोणाचा तरी खोकला येतो, तबलजीने गवयाला दिलेला हुंकार येतो, आणि दूर, मागे, तंबोऱ्याची जोडी एखाद्या भिंतीसारखी उभी असते. गवयाच्या तोंडाशी ठेवला असेल तर एकटा गवई उरतो. पहिली प्रत भ्रष्ट आणि दुसरी शुद्ध, असे म्हणायला आम्ही धजत नाही. मैफलीत दाद ही संहितेच्या बाहेर असते काय?

एका बाजूनेच ऐकणारा, हृदयाच्या आकाराचा श्रवणपट्टा असलेला मायक्रोफोन शुअर कंपनीने १९३९ मध्ये ‘युनिडाइन’ ह्या नावाने एकाच पडद्यात साधला. सभा, नाचघर, ध्वनिवर्धक ह्यांसाठी तो वरदान ठरला, कारण मागचा गोंगाट तो ऐकत नाही. त्याच कुळातला एस.एम. ५७ हा डायनॅमिक मायक्रोफोन १९६५ मध्ये आला आणि जगभर वाद्यांपुढे उभा राहिला. ‘वाद्यासाठी तो’ असे दुकानदार ज्याच्याकडे बोट दाखवून सांगतो, तो बहुतेक हाच किंवा ह्याचा भाऊबंद. इथे ‘वाद्य’ म्हणजे काय हे पाहावे : ड्रम, विजेच्या गिटारचा ध्वनिवर्धक, ट्रम्पेट. सगळी जोरकस मंडळी. तबल्याच्या शाईपाशी तो उत्तम उभा राहतो, ढोलकीपुढेही. तंबोऱ्यापुढे ठेवला तर यंत्राचा आवाज इतका वाढवावा लागतो की तारेपेक्षा खरखर आधी ऐकू येते.

तरीही ह्या साध्या मायक्रोफोनची थट्टा करू नये. टॅस्कॅमचे कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे यंत्र १९७९ मध्ये बाजारात आले. त्याने स्टुडिओ घरात आणला. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, शयनगृहात, ते यंत्र आणि दोन एस.एम. ५७ घेऊन गिटार व माउथ ऑर्गनवर काही गाणी टिपली. हेतू एवढाच की वादकवृंदाला चाली कळाव्यात. पुढे स्टुडिओत सगळ्या वृंदासह तीच गाणी करून पाहिली, पण त्या कॅसेटमधले काहीतरी तिथे येईना. शेवटी कॅसेटच ‘नेब्रास्का’ ह्या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. साधनांची यादी तज्ज्ञाला हसू आणील अशी. पण ते वाद्य, तो आवाज, ती खोली आणि तो मायक्रोफोन ह्यांचे जमले होते : खोलीतले फार न ऐकणारा, जवळचेच ऐकणारा कान एकट्या माणसाच्या गोष्टींना योग्य होता. निवड पाहावी ती अशी, जुळणीने. किमतीने पाहिली तर दिशाभूल होते. अर्थात ह्यावरून तंबोऱ्यालाही तोच चालेल असा निष्कर्ष काढणे म्हणजे कथेचे तंत्र महाकाव्याला लावणे होय.

दरम्यान १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर ह्यांनी असा कंडेन्सर केला की ज्याच्या पडद्यात विजेचा भार कायमचा मुरलेला असे. हा इलेक्ट्रेट. तो स्वस्त झाला, नखाएवढा झाला आणि कॅसेट रेकॉर्डरपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे शिरला. पुढे मोबाइलमध्ये त्याची जागा सिलिकॉनवर कोरलेल्या त्याहूनही लहान पडद्यांनी घेतली. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे इवलेसे कान मुळात वाईट नाहीत. ते बहुधा सर्वदिश असतात, वरपर्यंत ऐकतात. बिघडते ते त्यांच्यामागे बसलेल्या हिशेबनिसामुळे.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि संगीताच्या शिकवण्या संगणकाच्या पडद्यावर आल्या. तेव्हा अनेक गुरुशिष्यांना एक चमत्कारिक अनुभव आला : शिकवणाऱ्याच्या खोलीत तंबोरा चालू आहे, शिकणाऱ्याला तो एकदोन क्षण ऐकू येतो आणि मग विझतो. ह्यात बिघाड काही नव्हता. संभाषणासाठी रचलेल्या ह्या प्रणाली असे गृहीत धरतात की जे बदलते ते बोलणे आणि जे एकसारखे चालू असते तो गोंगाट : पंखा, रस्ता, शीतयंत्र. तंबोरा एकसारखा चालतो. म्हणून तो गोंगाट ठरला आणि पुसला गेला. झूमसारख्या प्रणालीत ही सफाई थांबवून मूळ ध्वनी जाऊ देण्याची सोय होती. ती शोधून काढीपर्यंत कित्येकांचे कित्येक धडे षड्जावाचून झाले. १९०२ च्या कर्ण्याला तंबोरा ऐकूच येत नव्हता. २०२० च्या यंत्राला तो ऐकू आला आणि त्याने तो बाद केला. टेलिफोनच्या त्या जुन्या हिशेबाचा, ध्वनी म्हणजे बोलणे ह्या समजुतीचा, हा वंशविस्तार आहे. पट्टा रुंदावला, समजूत तीच राहिली.

घरासाठी मायक्रोफोन निवडताना हा इतिहास उपयोगी पडतो तो असा. प्रथम मोबाइल किंवा संगणकातली आवाज ‘सुधारणारी’ प्रत्येक सोय बंद करावी. नुसत्या तेवढ्यानेही तंबोरा परत येतो. पैसे खर्च करायचे असतील तर तंबोरा, सतार, वीणा ह्यांना कंडेन्सर घ्यावा. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो देणारे लहानसे यंत्र बरोबर घ्यावे लागते. बारीक पडद्याचा कंडेन्सर बाजूने आलेला ध्वनीही फारसा न रंगवता सांगतो. मोठ्या पडद्याचा स्वतः अधिक गप्प असतो. रोडच्या एनटी१-ए ह्या मध्यम किमतीच्या मायक्रोफोनची स्वतःची खरखर पाच डेसिबल एवढीच सांगितली जाते. हलक्या वाद्याला हा आकडा जाहिरातीतल्या बाकीच्या सर्व विशेषणांहून महत्त्वाचा. एकदिश मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ नेला तर तो खालचे स्वर फुगवतो; पेटी त्यामुळे घशात बोलल्यासारखी होते. सर्वदिश हा दोष करत नाही, पण तो घर ऐकतो. आणि आपली घरे बोलकी असतात : उघड्या फरशीची, चार सपाट भिंतींची, कुकरच्या शिट्टीची. सतरंजी, गादी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट ह्यांनी जे साधते ते महाग मायक्रोफोनने साधत नाही. पंखा बंद करावा, हे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात ते अमलात आणणे कठीण, एवढेच.

वाद्याच्या सीमा कुठे मानायच्या, हा प्रश्न मात्र कोणत्याही दुकानात सुटणारा नाही. पेटीचा भाता हे वाद्य की गोंगाट? सतारीवर बोट सरकल्याचा आवाज? जात्याचे उदाहरण घेतले तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. जात्यावरच्या ओव्यांचे छापील संग्रह आपल्याकडे आहेत, साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारखे, त्यांत शब्द आहेत, घरघर नाही, आणि छापील पानाकडून ती अपेक्षाही नाही. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर ह्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात त्या कामात बर्नार्ड बेल ह्यांच्यामुळे शेकडो बायांचे गाणेही फितीवर आले. हे भांडार २०१७ पासून ‘परी’ ह्या संस्थेने लोकांपुढे ठेवले आहे. असे काम आज आपले विद्यार्थी गावोगाव करू लागले, तर त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी निवड उभी राहील. ओवीचा शब्द स्वच्छ हवा म्हणून एकदिश मायक्रोफोन तोंडाशी धरला तर दगडाची लय पुसट होते. सर्वदिश मधे ठेवला तर घरघरीत एखादा शब्द बुडतो, आणि नेमका तोच शब्द प्रबंधाला हवा असतो. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना दोन मायक्रोफोन न्यायला सांगतो, एक तोंडापाशी, एक जात्यापासून तीनचार फुटांवर. दोन्ही फिती वेगळ्या ठेवायला सांगतो, आणि वहीत प्रत्येकीपुढे मायक्रोफोन कोणता, कुठे, किती अंतरावर हे लिहायला सांगतो. प्रत कोणी केली, कोठे केली, शके कोणते, हे पोथीच्या शेवटी लिहिणारे जुने लेखनिक एवढे तरी करत.

तंबोऱ्यापुरते बोलायचे तर दोन जागा करून पाहाव्यात. एक घोडीच्या समोर, दीड फुटावर. तिथे जवारी कडक, उजळ ऐकू येते, श्रोत्याच्या बाजूची. दुसरी वर दांडीपाशी, छेडणाऱ्याच्या कानाजवळ. तिथे खर्ज भरलेला असतो, लाकूड बोलते, आणि गंधार कधी उगवला ते नेमके सांगता येत नाही. तार मिळवताना गवई कान तिथेच लावतो.